विशेष निधींचा हिशेब अर्थसंकल्पात आणा : मॉरिशसच्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री,
मॉरिशस प्रजासत्ताक, पोर्ट लुई यांस,

सादर नमस्कार.

जून 2025 च्या अर्थसंकल्पात सरकारने मूलभूत निवृत्तिवेतनाचे वय 60 वरून टप्प्याटप्प्याने 65 करण्याचे जाहीर केले. सार्वजनिक कर्ज देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या चार पंचमांशांहून अधिक झालेले असताना आणि ज्येष्ठांचे प्रमाण वाढत असताना असा निर्णय कधीतरी घ्यावाच लागला असता, हे मला मान्य आहे. मात्र साठीला आलेल्या माणसाला थांबायला सांगणाऱ्या सरकारने स्वतःचा सारा खर्च आधी संसदेपुढे ठेवायला हवा, आणि तसे आजवर झालेले नाही.

माझा रोख विशेष निधींकडे आहे. राष्ट्रीय लवचिकता निधी किंवा कोविड-19 प्रकल्प विकास निधी यांसारख्या खात्यांत अर्थसंकल्पातून रक्कम वर्ग केली की ती त्याच वर्षी खर्च म्हणून नोंदवली जाते. प्रत्यक्ष पैसा मात्र नंतर, संसदेच्या तपशीलवार मंजुरीविना बाहेर पडतो, आणि ज्या वर्षी तो बाहेर पडतो त्या वर्षीच्या तुटीत तो दिसत नाही. त्यामुळे तुटीचा आकडा हवा तसा पुढेमागे सरकवता येतो. 2020 मध्ये मध्यवर्ती बँकेने 80 अब्ज मॉरिशस रुपयांच्या क्षमतेची मॉरिशस गुंतवणूक महामंडळ ही कंपनी उभारली, तेव्हा तर अडचणीतल्या कंपन्यांना आधार देण्याचे काम अर्थसंकल्पाच्या पूर्णपणे बाहेर गेले. ते संकट खरे होते, याबद्दल वाद नाही. पण चलनाची राखण करणाऱ्या संस्थेने हॉटेलांत भांडवल गुंतवावे, हे मला आजही पटत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्याच सरकारने अर्थव्यवस्थेच्या स्थितीचा अहवाल मांडून, पूर्वीच्या सरकारचे विकासदराचे आणि तुटीचे आकडे फुगवलेले वा झाकलेले असल्याचे सांगितले. मग ज्या वाटेने हे शक्य झाले, ती बंद करण्याची जबाबदारीही आपल्याकडेच येते.

म्हणून विनंती अशी की पुढील अर्थसंकल्पासोबत प्रत्येक विशेष निधीची आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि लाभार्थी दाखवणारे विवरण जोडावे, आणि ज्या निधींचे प्रयोजन संपले आहे त्यांची शिल्लक संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, परत आणावी. लेखापरीक्षण संचालकांच्या वार्षिक अहवालातील आक्षेपांवर प्रत्येक मंत्रालयाने काय केले, तेही संसदेच्या लोकलेखा समितीपुढे लेखी यावे. तेच ते आक्षेप वर्षानुवर्षे छापले जातात आणि सचिव मात्र जागचे हलत नाहीत.

आपला विश्वासू,
एक मराठी भाषक मॉरिशसवासी