डाव्या बाजूची खिट्टी

ओतूर,
श्रावणी सोमवार

प्रिय दत्ता,

सात महिने झाले, तुला फोन केला नाही. तुझे दोन आले ते उचलले नाहीत. रागावला असशील, हक्कच आहे तुझा. कारण पुढे लिहितोच. तब्येतीचं आधी उरकतो: मणक्याचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, वजन उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. बाकी ठणठणीत.

तर गोष्ट अशी की पिकअपच्या फाळक्याला मी रिमोट बसवलाय. बटण दाबलं की मागचा फाळका उघडून खाली येतो. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, वा, छान. तुला सांगताना मात्र माझा हात थबकतो, आणि का ते तुलाच ठाऊक.

मी गाडीवर जाऊ शकत नाही, तेव्हा मार्चपासून तुझी वहिनीच पिकअप चालवते. होय, तीच, जी तुझ्या एम-८० स्कूटरवर मागे बसायला घाबरायची! पहाटे साठ-पासष्ट क्रेट भरून नारायणगावला जाते, लिलाव करून दहाच्या आत घरी. आडत्याशी भाव करण्यात ती तुझ्यामाझ्यापेक्षा वरचढ निघाली. २०२३ च्या जुलैत क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता ना, तेव्हा गाडीचे उरलेले हप्ते एकदम फेडले, तोही निर्णय तिचाच.

तिची अडचण एकच, फाळका. साडेपाच फूट रुंद, आणि दोन खिट्ट्या दोन टोकांना. एकट्या माणसाचे हात दोन्हीकडे पोचत नाहीत. उजवी काढायची, वळसा घालून डावीकडे जायचं. तोवर आतले क्रेट फाळक्यावर रेललेले असतात. डावी सुटली की सगळा भार घेऊन तो धाडकन खाली. तिनं दोनदा पाय मागे घेतला म्हणून वाचला. दुसऱ्यांदा तिनं घरी येऊन सहज सांगितलं आणि मला त्या रात्री झोप आली नाही.

पिंकीच्या नवऱ्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप दाखवल्या. तिकडे २०१९ च्या शेवरलेट सिल्वराडोला बटणानं खाली येणारा आणि परत वर जाणारा फाळका कंपनीतूनच मिळायला लागला. म्हटलं, आपण आपल्यापुरता करू. आधी सेंट्रल लॉकच्या दोन मोटरी लावून पाहिल्या, एकेका खिट्टीला एकेक. रिकाम्या गाडीत टकाटक उघडायच्या. माल भरला की क्रेटच्या दाबानं खिट्टी आवळून बसायची आणि मोटर नुसती कुरकुरायची. त्या मोटरीत दाराचं लॉक ओढण्यापुरतीच ताकद. मग पुण्याला जाऊन पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून स्क्रूची मोटर आणली, लिनिअर ॲक्च्युएटर म्हणतात तिला. आत आटे पाडलेला दांडा असतो, मोटर फिरली की तो हळूहळू आत-बाहेर सरकतो. सेकंदाला दहा मिलिमीटर, पण दीडशे किलोचा जोर. आणि वीज नसली की आट्यांमुळे आहे तिथेच घट्ट. रस्त्यानं हादरे बसून खिट्टी सरकायची भीतीच नाही.

आपल्या वेल्डरनं (तोच, तुझ्या लग्नातल्या मांडवाचा लोखंडी खांब ज्यानं वाकडा जोडला होता) फाळक्याच्या मधोमध एक चकती बसवली. तिच्यातून दोन सळया दोन्ही खिट्ट्यांना जातात. मोटर चकती फिरवते आणि दोन्ही खिट्ट्या एकाच वेळी सुटतात. एकाच वेळी, दत्ता. हे मी त्याला तीनदा सांगितलं, शेवटी तो वैतागला. फाळका सावकाश यावा म्हणून बाजूंना तेलाचे डॅम्पर घातले. वर मात्र हातानंच उचलून लावावा लागतो. बॅटरी उतरली तर ओढायला एक तार वेगळी ठेवलीये. बॅटरीपासून मागेपर्यंतची वायर नळीतून नेली आणि फ्यूज बॅटरीजवळच ठेवला, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झालीच तर ती पेटायच्या आधी फ्यूज उडायला हवा. तू असतास तर म्हणाला असतास, वायरिंग मी करतो, तू चहा सांग. आठवतं का, माळशेजच्या पहिल्या वळणावरच्या टपरीत तू माझ्या नावावर किती चहा प्यालास? एकशे ऐंशी रुपये झाले होते. ते मी अजून धरून आहे!

आता जे झालं ते. मागच्या शुक्रवारी गाडी अंगणात उभी होती. वहिनी मागे पाइप घेऊन क्रेट धूत होती, मी ओट्यावर पडलो होतो. पिंकीचा पोरगा माझ्या उशापाशी किल्ल्यांशी खेळत होता. त्यानं बटण दाबलं. मला काही कळायच्या आत साखळ्यांचा आवाज आला. सैल साखळी एकदम ताणली जाते ना, तो आवाज.

काही झालं नाही. डॅम्परनं फाळका सावकाश आला, ती हसत बाजूला झाली आणि पोराला म्हणाली, अरे चोरा. मी मात्र उठून आत गेलो आणि कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहिलो. पाणी घ्यायचं होतं, पण तांब्या हातात धरवेना.

त्यानंतर आठवडाभर मी त्या रिमोटच्याच मागे आहे. हँडब्रेकच्या दांड्याखाली ब्रेकलाइटचा जुना स्विच बसवला. दांडा खाली असला की करंट तुटतो, म्हणजे चालत्या गाडीत कुणी बटण दाबलं तरी फाळका उघडणार नाही. पण शुक्रवारी हँडब्रेक ओढलेलाच होता, म्हणून तेवढ्यानं भागत नव्हतं. मग रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरची पद्धत बदलली. आधी एकदा टिचकी मारली की मोटर शेवटपर्यंत जायची. आता बटण दाबून धरलं तरच चालते, बोट उचललं की थांबते. खिट्टी सुटायला पाच सेकंद लागतात. पोर पाच सेकंद एका बटणावर टिकत नाही. रिसीव्हरला सतरा सेंटिमीटरची वायर असते अँटेनाची, ४३३ मेगाहर्ट्झला तेवढीच लागते. ती कापून चार सेंटिमीटर ठेवली. पूर्वी ओट्यावरून चालायचा तो रिमोट आता गाडीच्या दोन पावलांवरच चालतो, म्हणजे दाबणाऱ्याला मागे कोण उभं आहे ते दिसतंच. शेवटी मोटरीच्याच वायरीवर रिव्हर्सचा बझर जोडला. मोटर सुरू झाली की तो ओरडायला लागतो आणि पाच सेकंद ओरडल्यावरच खिट्टी सुटते.

वहिनी म्हणते, आता पुरे, गाडी द्या मला, उद्या माल आहे. तिला वाटतं मी तिच्या काळजीनं करतोय. तेही आहेच.

पण दत्ता, २०११ च्या भाद्रपदातली ती रात्र. कल्याणचं मार्केट, तीन वाजले होते, पाऊस होता, आपल्या ४०७ टेम्पोचा लाकडी फाळका पाणी पिऊन जड झालेला. उजवी खिट्टी तू काढलीस आणि साखळीचा पीळ सोडवत होतास, डावी अजून लागलेली आहे या भरवशावर. आपला नेम ठरलेला होता की दुसरी खिट्टी काढणाऱ्यानं आधी 'सोडतो' म्हणून ओरडायचं आणि समोरच्यानं 'सोड' म्हटल्यावरच हात घालायचा. मी ओरडलो होतो, तुला पावसात ऐकू आलं नाही, असं मी तेव्हा म्हणालो. दवाखान्यात म्हणालो, तुझ्या आईला म्हणालो, भिशीच्या भांडणात सगळ्यांसमोर म्हणालो. तू म्हणत राहिलास की आवाज आलाच नाही. मग तू गाडीतला तुझा हिस्सा काढून घेतलास आणि भोसरीला नोकरीला गेलास, तेव्हा मी गावात सांगितलं, दत्ताला धंदा झेपला नाही.

मी ओरडलो नव्हतो. हमाल घाई करत होता, मागची गाडी हॉर्न देत होती, मी खिट्टीवर हातोडी मारली आणि मोकळा झालो. मग साखळीचा आवाज आला आणि मग तुझा. तुझी दोन बोटं माझ्यामुळे गेली. तुझे कान तेव्हाही चांगले होते, आजही आहेत.

हे चौदा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. तू पुन्हा बोलायला लागलास, दिवाळीला यायला लागलास, तेव्हा मला वाटलं मिटलं. तुझ्या बाजूनं मिटलं होतं. यंदा जानेवारीत ऑपरेशनच्या आधी सांगायचं ठरवलं होतं. तुझा फोन आला तेव्हा मोबाइल हातातच होता. वाजू दिला.

रूपालीचं ठरलं ते तुझ्या मेव्हण्याकडून कळलं. पोरगा चाकणला कंपनीत आहे म्हणे, शोभेल. तारीख कळव, मांडवाचं सामान आपल्या पिकअपमधून येईल, भाड्याचं नाव काढू नकोस. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? मालिश करून उपयोग नाही, एक्स-रे काढ. काकूंना नमस्कार.

आणि एक काम आहे. बझर पावसात ऐकू येतो का ते मला नीट कळत नाही. मी उभा राहिलो की मला तो येतोच, दारं लावून घरात बसलो तरी येतो. वहिनी म्हणते पुरेसा आहे. मला तू ऐकायला हवा आहेस. या आठवड्यात पाऊस आहे, शनिवारी सुट्टी असेल तर ये. तू उजव्या बाजूला, साखळीपासून चार हात लांब उभा राहा, मी बटण धरतो. ऐकू आलं तर सांग. नाही आलं तर दुसरा बझर आणू, ट्रकचा.

यायचं नसेल तरी एक ओळ टाक. शिव्या घातल्यास तरी चालतील.

तुझा,
बबन