मंत्री महोदय, त्या शेडचं कुलूप काढा

माननीय मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी आमच्या बचत गटाच्या 60 किलो पुरणपोळ्या पुण्याहून परत आल्या. खोकं उघडलं तर कडेकडेने हिरवट बुरशी. 11 जणींची दोन दिवसांची मेहनत आम्ही बांधाकडेला खड्डा खणून पुरली.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या मेळाव्यात आपण शब्द दिला होता, बुरशी रोखणाऱ्या लवंगतेलाची पावडर करायचं सामाईक यंत्र, म्हणजे स्प्रे ड्रायर, सहा महिन्यांत सुरू करू. शेड झाली. यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दाराला कुलूप. थ्री फेज वीजजोडणीचा अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय, कोणी सांगत नाही.

तुमचे अधिकारी म्हणतात, प्रिझर्व्हेटिव्ह घाला. साहेब, सोडियम बेंझोएट चालतं ते आंबट पदार्थात. पुरण आंबट असतं का? लवंगतेल थेट कणकेत घालून पाहिलं. पोळीला दातदुखीच्या औषधाचा वास, आणि तव्यावर तेल उडाल्यामुळे बुरशी आलीच.

तेच तेल डिंकाच्या पाण्यात घुसळून गरम हवेत फवारलं की पाणी क्षणात उडतं आणि तेलाचे कण डिंकाच्या कवचात बंद होतात. डब्यात ओल वाढली की कवच सैल पडतं, तेलाची वाफ हळूहळू सुटते. बुरशीला जी ओल लागते, तीच तिच्यावर उलटते. एका प्रयोगशाळेतून मिळालेली मूठभर पावडर आम्ही कागदी पुड्यांत भरून डब्यात ठेवली. पुडी नसलेल्या डब्यात सहाव्या दिवशी ठिपके आले, पुडीच्या डब्यातली पोळी बाराव्या दिवशीही स्वच्छ होती. मी ती पोळी हातात धरून रडले.

भांडवलासाठी माझ्या पाटल्या गहाण आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये 10,000 कोटींची योजना आली, 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. पण अनुदान कर्जाला जोडलेलं, आणि बँकेत गेलं की तिथले साहेब आधी नवऱ्याची सही मागतात. पोळ्या आम्ही लाटायच्या आणि पत मात्र नवऱ्याची! कारखानदाराच्या दारात वीज आधी जाते, आमच्या दारात निवडणुकीला माणसं येतात. प्रत्येक खात्यात हेच, रस्ता असो की रेशन. आता आम्हाला आश्वासनांची चीड येते.

होळी तोंडावर आली आहे. वर्षाची निम्मी कमाई त्या आठवड्यात होते. त्याआधी वीजजोडणी द्या आणि चावी गटाकडे द्या. सोमवारी सकाळी आम्ही 11 जणी शेडच्या दारात बसणार आहोत.

आपली,
बचत गटाची एक सदस्य