चिऱ्यांचे वाफे

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर बाबा मला पुढे बोलूच देत नाहीत, म्हणून लिहिते. दसरा झाला की चिरे येतील. पैसे देऊन झालेत, तेव्हा गाडी परत पाठवू नका. विहिरीजवळ मांडीइतक्या उंचीचे चार वाफे सख्याकाका रचून देणार आहेत. माती, पालापाचोळा, शेणखत तेच भरतील.

बाबा, बाग तुमच्याकडून काढून घेत नाहीये हो. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय आणि तुम्ही गणपतीतसुद्धा पडवळाखाली वाकलेलेच. आता कडेच्या चिऱ्यावर बसून लावणी करता येईल. शिवाय आपली तांबडी माती पावसात धुऊन निघते, वाफ्यात कस टिकेल. उंच वाफा लवकर सुकतो म्हणाल, खरंय. म्हणून ठिबकच्या नळ्या आणि वर पेंढ्याचं आच्छादन. कळशीने शिंपणं बंद!

वालाला यंदा मांडव नको. दापोली विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ वाल आणते, तो बुटका असतो, मांडवावर चढवावा लागत नाही. आई, तुझे कडवे वाल मात्र भाताच्या शेतातच, ओलीवर पेरायचे. बिरड्यात मी काही बदलत नाहीये.

लाल माठाचा वाफा बाबांचा. लहानपणी माझ्या नावाचं अक्षर माठाच्या बियांनी काढलं होतंत, ते लालभडक उगवलं आणि मी आईला एक पान खुडू दिलं नव्हतं. आठवतं ना? यंदा रेवासाठी काढा. नाताळात आम्ही येतोय आणि माठ महिन्यात होतो, म्हणून नोव्हेंबर संपताना पेरा.

वांगी-मिरचीचं बी आत्ताच पडवीत टाका, म्हणजे वाफे होईतो रोपं तयार. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं, कच्च्याने वाळवी लागते. चुलीची राख कोरडी साठवा.

आई, कुदळ आणि पिकाव सख्याकाकांच्या घरी ठेवायला दे. बाबा मागायला गेले तरी ते देणार नाहीत, मी सांगितलंय. बागेत जाताना कमरेचा पट्टा आणि पायात बूट हवेतच. पेंढा हातात घेण्याआधी काठीने हलवून बघा, फुरसं बसलेलं असतं. आणि बीपीची गोळी चहाआधी, बागेतून आल्यावर नाही.

चिरे उतरले की फोटो पाठवा.

तुमची
मनू