पत्त्यातली जात

मा. संपादक,
सप्रेम जयभीम.

रविवारच्या पुरवणीतला वस्त्यांच्या नावांवरचा परिसंवाद वाचला. आमच्या तालुक्यात रविवारची पुरवणी सोमवारी दुपारी हातात पडते, म्हणून पत्राला उशीर. एजंटाला तीनदा सांगून झालं, आता तुम्हीच लक्ष घाला.

चौघांनीही अभ्यास करून लिहिलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 'जुनी नावं हा इतिहास आहे, तो पुसू नका' असं ज्यांनी लिहिलं, त्यांना एकदा तरी असला पत्ता स्वतःच्या हाताने अर्जावर लिहावा लागला आहे का? मी नोकरीभर लिहिला. गावाचं नाव, पुढे महारवाडा.

थोरला भाऊ मुंबईला गिरणीत होता. त्याची पत्रं गावातल्या एका किराणा दुकानात पडून राहायची. दुकानदार ओट्यावरून हाळी द्यायचा, ती आईच्या नावाने नव्हे, वस्तीच्या नावाने. आई पदराला हात पुसत धावायची आणि ओट्याखाली ओंजळ धरून उभी राहायची. तो वरून पत्र टाकायचा. एकदा ते ओंजळीत न पडता गटारात पडलं. मी चौथीत होतो, वाचून दाखवायचं काम माझं. निळ्या आंतरदेशीय पत्रावर शाई पसरली होती. भावाने खोली बदलल्याचं लिहिलं होतं, पण नेमका नवा पत्ताच पुसला गेला. पुढचं पत्र येईपर्यंत दोन महिने भाऊ कुठे राहतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं. आई रोज त्या ओट्याखाली जाऊन विचारून यायची.

आता नातीचं सांगतो. गेल्या जूनमध्ये ती प्रवेशासाठी शहरातल्या एका कॉलेजात गेली. खिडकीवरच्या कारकुनाने तिचा रहिवासी दाखला मोठ्याने वाचला. पत्त्यापाशी आला, थांबला, मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि मग पुढचं वाचलं. मागे पोरांची रांग होती. पोर तिथे काही बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, "आबा, आपल्या पाटीवर समतानगर आहे ना? मग दाखल्यावर का नाही?"

जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आमच्या ग्रामसभेने ठराव केला, पाटी लागली, नारळ फुटला. कागद मात्र जुनेच राहिले. दोन पानांच्या परिसंवादात या कागदांबद्दल अवाक्षर नाही.

आम्ही इतिहास विसरू, ही काळजी कुणी करू नये. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं, ते नातीला तोंडपाठ आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात कुणाची घरं जळाली, ते इकडच्या कुठल्याही वस्तीत विचारा. तेव्हाही आम्हाला हेच ऐकवलं होतं, की नाव बदलून काय होणार? काहीच होणार नव्हतं तर एवढी घरं कशासाठी जाळली?

पत्त्यातून जात गेली की मनातूनही जाते, असं मी म्हणत नाही. आमच्याकडे आजही आडनाव विचारल्यावरच खुर्ची पुढे येते. पण परक्या शहरात, पहिल्याच खिडकीवर तरी पोरीला मान वर करून आपलं नाव सांगता यावं.

आणखी एक. तुमचा दिवाळी अंक मला टपालाने येतो. गेल्या वर्षी वेष्टनावर जुनाच पत्ता होता. वर्गणीदारांच्या यादीत तो बदलून समतानगर करून घ्यावा. पिन कोड तोच आहे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. माजलगाव, जि. बीड