भिंतीपलीकडे गाणं जात नाही, नुसती धपधप जाते

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

डीजे आणि भोंग्यांवर तुमच्याकडे पत्रं येतच असतात, मी घरातल्या गाण्याबद्दल लिहितोय आणि यात आरोपी मीच आहे. डोंबिवलीत आमची जुनी बिल्डिंग, दोन फ्लॅटच्या मधे चार इंची विटांची भिंत. मी रिटायर झाल्यावर मुलाने साऊंडबार आणि सोबत तो वूफरचा, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा, डबा आणून दिला, म्हटलं आता निवांत नाट्यगीतं ऐकू. आवाज इतका कमी की आमच्याच किचनमधे शब्द कळत नव्हते, तरी शेजारच्या वहिनी दोनदा सांगून गेल्या, बाळ झोपत नाही. मला वाटलं उगाच कटकट.

शेवटी त्याच म्हणाल्या, काका एकदा आमच्याकडे येऊन बसा. बसलो. इकडे बायकोने गाणं लावलं, तर तिथे ना गायक ऐकू येतोय ना पेटी, नुसता डग्गा, धप धप धप, तोही पाळण्यामागच्या भिंतीतून! खरं सांगतो, लाज वाटली.

वरच्या पट्टीतला आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते हो, पण खर्ज भिंतीला आणि स्लॅबलाच थरथरवतो आणि पलीकडे निघतो, आणि माझा वूफर नेमका कॉमन भिंतीला टेकून जमिनीवर. तो बाहेरच्या भिंतीकडे हलवला, खाली जाड रबर घातलं, बेस उतरवला (रिमोटवर नाईट मोडपण निघाला, दोन वर्षं पत्ताच नव्हता). अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवा असं एकाने सुचवलं, त्या भानगडीत पडू नका, खोलीतला घुमारा जरा कमी होतो पण पलीकडे जाणारा आवाज थांबत नाही, वर झुरळं येतील ती वेगळीच.

काहीजण लगेच नियम दाखवतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, मान्य, पण त्या मोजणीत खर्ज कमीच धरला जातो, म्हणजे मीटरवर आपण पास आणि पाळण्यातलं बाळ टक्क जागं.

मी आता दहानंतर हेडफोन लावतो. वहिनींचा मिक्सर मात्र पहाटे सहाला कॉमन भिंतीलगतच्या ओट्यावर सुरू होतो, त्याखाली जुना टॉवेल घाला हे त्यांना कसं सांगावं याचा विचार चाललाय.

– एक रिटायर्ड वाचक, डोंबिवली