रिळात जोडलेले तुकडे

संपादक महोदय,

नव्वदच्या दशकातल्या स्वस्तातल्या, भडक हिंदी सिनेमांवरच्या 'सिनेमा मरते दम तक' या माहितीपट मालिकेविषयीचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. प्राइम व्हिडिओवर ही मालिका जानेवारी २०२३ मध्ये आली. लेखात सगळा भर भडक संवाद आणि रबरी मुखवट्यांवर आहे. मला मात्र ती पाहताना हसू आलं नाही. माझे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे ऑपरेटर होते आणि असे सिनेमे तिथे मॅटिनीला लागायचे.

जे. नीलम, विनोद तलवार, दिलीप गुलाटी आणि किशन शाह या त्या काळच्या चौघा दिग्दर्शकांच्या हाती पुन्हा कॅमेरा देऊन मालिकेने फार चांगलं काम केलं आहे. पुरुषांनी भरलेल्या त्या धंद्यात नीलमबाई दिग्दर्शन करत होत्या, एवढ्यासाठी तरी ती पाहावी.

मला बोलायचं आहे ते 'बिट्स'विषयी, म्हणजे सिनेमात चोरून जोडल्या जाणाऱ्या अश्लील तुकड्यांविषयी. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर तेव्हा सिनेमाची लांबी आणि रिळांची संख्या लिहिलेली असायची, कापाकापी झाली असेल तर कोपऱ्यात त्रिकोण असायचा. ते प्रमाणपत्र पडद्यावर दाखवायचं आणि पुढे मधल्याच रिळात भलतीच अश्लील फिल्म जोडायची, असा हा व्यवहार होता. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पण पकडले जायचे ते बहुधा थिएटरवाले. पोस्टरवर चेहरा असलेल्या नटीला कुणी विचारलेलंही नसायचं. तुकड्यातली बाई दुसरीच, बदनामी मात्र हिची. गावात लोक तिचं नाव घेऊन काय बोलत, ते मी लहानपणी ऐकलं आहे.

वडीलही ते तुकडे जोडत. मालकाने दिलेली चिंधीएवढी फिल्म, ब्लेड आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट, दोन मिनिटांचं काम. रिळांचे डबे परत जाण्याआधी तुकडा सोडवून ठेवायचा. आईने एकदा विचारलं, तेव्हा ते जेवता जेवता उठून गेले.

दिग्दर्शकांच्या आठवणी आता नोंदल्या गेल्या. त्या नट्यांना, त्यांच्याऐवजी आवाज देणाऱ्या डबिंगच्या बायकांना, त्या तुकड्यांतल्या अनाम बायकांना कोण विचारणार? त्यातल्या कित्येक जणी आज पन्नाशी-साठीत असतील. आपल्या पुरवणीने त्यांच्यापैकी कुणाला गाठावं, सन्मानाने बसवून, त्यांना सांगावंसं वाटेल तेवढंच छापावं, अशी कळकळीची विनंती.

आपली,
एका ऑपरेटरची मुलगी, मिरज