ऑनलाईनच्या दुकानातल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

हे पत्र खरं तर जुलैतच लिहायचं होतं. पण खुरपणी आली, फवारणी आली, आणि सप्टेंबरात पावसानं जे केलं ते तुम्ही बघितलंच आहे. मांजराकाठच्या रानात सोयाबीन होतं का तळं, ओळखू येत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत लेक घरी आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "पप्पा, ताईंना पत्र लिहिलं का?" म्हणून आज बसलोय. चार जणांनी वाचावं म्हणून उघडंच लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "नाव टाकलं तर उद्या सगळा कळंब तालुका उधारीवर फॉर्म भरायला येईल."

लोकांना वाटतं पोरीला नवोदय, म्हणजे ती केंद्र सरकारची निवासी शाळा, लागलं म्हणून मी आभार मानतोय. तेही आहेच. पण मला आधी आभार मानायचेत ते तुम्ही मला एकदा दुकानातून हात हलवत परत पाठवलंत त्याचे. ती गोष्ट मी आजवर बायकोलाही नीट सांगितलेली नाही. आता ती इथंच वाचेल.

३० एप्रिल २०२२, शनिवार. नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाचा पेपर, पाचवीतली पोरं देतात तो. उन्हानं डांबर चपलेला चिकटत होतं. तिची तिसरी लॉकडाऊननं अर्धवट तोडली, चौथी अख्खी माझ्या फोनवर गेली, तीसुद्धा फोन माझ्या खिशात नसेल तेव्हा. तरी पोरगी हुशार, असं सगळेच म्हणायचे. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. बाहेर आली ती घामानं निथळत, आणि म्हणाली, "पप्पा, प्रश्न संपले पण उत्तरपत्रिकेत एक गोल उरला." मी म्हणलं, उरला तर उरला, चल रसवंतीवर. इतकं कळत होतं मला.

यादीत नंबर नव्हता. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मला एक जण भेटला. कोण, कुठला, ते सोडा. म्हणाला, उगं रडत काय बसता, लेकराला दुसऱ्या गावच्या शाळेत पुन्हा पाचवीला बसवा, आधारवर जन्मतारीख एक वर्षानं पुढं घ्या, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं करा, पुन्हा परीक्षा. सगळेच करतात. सात हजार सांगितले. मला ते पाप वाटलंच नाही, ताई. शेतातला बांध कोरणाऱ्यालाही नसेल वाटत.

पंचमीचा आदला दिवस होता. तुमच्या दुकानासमोर बायका झोक्याचे दोर घेत होत्या. मी घडी घातलेला कागद तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला, आणि माझ्याकडं सरकवून म्हणालात, "भाऊ, हे मी करणार नाही."

मी म्हणलं, पैसे देतो की. तुम्ही म्हणालात, पैशाचं नाही. मला राग आला. समोरचा दुकानवाला करून देईल, असंही बोललो. तुम्ही शांतपणे म्हणालात, "देईल की. पण जायच्या आधी एवढं वाचून जा." आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. नवोदयच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की सहावीच्या परीक्षेला एका मुलाला एकदाच बसता येतं, दुसऱ्यांदा कोणत्याही परिस्थितीत नाही. वर तुम्ही सांगितलं की शाळांच्या नोंदींच्या सरल पोर्टलवर पोरगी पाचवी पास दिसते, उद्या प्रवेश झाल्यावर निघालं तर नाव काढून टाकतील. हे सगळं मी ऐकून घेतलं असतं आणि तरीही समोरच्या दुकानात गेलो असतो. मला गप्प केलं ते तुमच्या पुढच्या प्रश्नानं. "तिच्या मैत्रिणी सहावीत आणि ही पाचवीत. का, ते तिला कोण सांगणार आहे? तुम्ही सांगणार?"

मी तिला विचारलंच नव्हतं. सात हजारांचा हिशोब केला होता, शेजारच्या गावच्या हेडमास्तरला कोण ओळखतं तेही शोधलं होतं. पण पोरीला विचारावं, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मग तुम्ही मला स्टुलावर बसवलं आणि दहा मिनिटांत जे सांगितलं ते आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. आठवीत असताना नवोदयची आणखी एक परीक्षा असते, नववीसाठी. आपल्या जिल्ह्यातल्या नवोदयात नववीच्या जेवढ्या जागा रिकाम्या असतील तेवढ्याच भरतात, त्यामुळं चुरस जास्त. सहावीच्या परीक्षेत नंबर न लागलेल्यालाही बसता येतं, फक्त आठवी याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत हवी. सैनिक शाळेचंही सांगितलंत, की तिथं वयात बसत असेल तर सहावीला दुसऱ्यांदाही बसता येतं आणि आता मुलींनाही घेतात. फीचा आकडा ऐकून मीच तो विषय बंद केला. तीन एकरांत ते झेपणारं नव्हतं.

उठताना तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, ती मी तेव्हा अर्धीच ऐकली. "तीन वर्षं आहेत म्हणून पोरीला तीन वर्षं नवोदयच्या दावणीला बांधू नका." मी बांधलीच. सहावीत असताना तिचा खो-खो बंद केला. आपल्या धाराशिव जिल्ह्यात पोरींचा खो-खो बंद करणं म्हणजे काय, हे मलाच कळायला हवं होतं. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही दुकानात चार गिऱ्हाइकांपुढं मला झापलंत. तेव्हा कान लाल झाले होते. पण दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर होती.

त्या उरलेल्या गोलाचं कोडंही तुम्हीच सोडवलं. पोरीला समोर बसवून विचारलंत, कुठला प्रश्न सोडला होता? तिला आठवत होतं, गणितातला, सेहेचाळीसावा. प्रश्न सोडला, पण त्याचा गोल सोडला नाही. सत्तेचाळिसाचं उत्तर सेहेचाळिसाच्या गोलात गेलं आणि तिथून खालची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. ३४ उत्तरं. मी कपाळावर हात मारला. तुम्ही लगेच म्हणालात, "भाऊ, याच्यामुळंच गेलं असं धरून चालू नका. हे नीट असतं तरी गेलं असतं कदाचित." कडू होतं, पण त्यामुळं पोरीनं त्या एका गोलाला आयुष्यभर धरून ठेवलं नाही. मग तुम्ही कोऱ्या उत्तरपत्रिका छापून दिल्यात आणि सवय लावलीत: प्रश्न सुटला की गोल तिथंच भरायचा, शेवटी एकदम नाही, आणि दर दहा प्रश्नांनी बोट ठेवून दोन्हीकडचा आकडा जुळवायचा.

खरी अडचण आठवीत कळली. नववीच्या पेपरात १०० प्रश्न, अडीच तास: इंग्रजी १५, हिंदी १५, गणित ३५, विज्ञान ३५. आणि पेपर हिंदीत नाहीतर इंग्रजीत, मराठीत नाही. आमची जिल्हा परिषदेची पोरगी. लसावि तिला झोपेतून उठवलं तरी येतो, पण 'लघुत्तम समापवर्त्य' म्हणलं की गप्प. अपूर्णांकाला हिंदीत 'भिन्न' म्हणतात हे मला तरी कुठं माहीत होतं! चक्रवाढ व्याजाचं 'चक्रवृद्धि ब्याज', नफा-तोट्याचं 'लाभ-हानि'. गणित येत असून प्रश्न कळत नाही, अशी गत.

त्यासाठी तुम्ही ती वही केलीत. शंभर पानी, उभे तीन रकाने: मराठी, हिंदी, इंग्रजी. एनसीईआरटीची, म्हणजे केंद्राच्या अभ्यासक्रमाची, आठवीची पुस्तकं नेटवर फुकट मिळतात, ती तुम्ही धडा धडा करून पाठकोऱ्या कागदांवर छापून द्यायचात. मागच्या बाजूला कुणाचा सातबारा, कुणाचा पीक विम्याचा फॉर्म. पोरगी सांगायची, आज मी घर्षणाचा धडा वाचला आणि मागं अमक्याच्या चार गुंठ्यांचा फेरफार होता.

'पेशी'चं पान मला पाठ आहे. तुम्ही आधी तिन्ही रकान्यांत लिहिलं होतं: पेशी, पेशी, सेल. पंधरा दिवसांनी ती पुस्तक घेऊन तुमच्याकडं आली. "ताई, इथं लिहिलंय की पेशी कोशिकांनी बनते. पेशी आणखी कशानं बनते?" तुम्ही वाचलं, आणि मोठ्यानं हसलात. हिंदीत पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. लाल पेनानं तुम्ही स्वतःचं खोडलंत, खाली नवीन ओळ लिहिलीत आणि शेजारी बारीक अक्षरात, "माझी चूक." मोठ्या माणसानं आपली चूक लेकराच्या वहीत लिहून ठेवलेली मी पहिल्यांदाच बघितली. तिनंही बघितली. त्यानंतर तिला प्रश्न विचारायची भीती राहिली नाही, शाळेत सरांनाही विचारायला लागली.

फॉर्मचं सांगितलंच पाहिजे, कारण लोक अजून फसतात. नवोदयच्या फॉर्मला फी नाही. पहिल्या वेळी दुसरीकडं आमच्याकडून ३०० रुपये घेतले होते, फी म्हणून. तुम्ही झेरॉक्स आणि स्कॅनचे घेतलेत, बस्स. आधारवर उस्मानाबाद, बोनाफाईडवर धाराशिव, त्यात आईच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं. त्यासाठी तुम्ही मला तीन हेलपाटे घालायला लावले. तेव्हा मनात शिव्या दिल्या, आता कबूल करतो. एनएमएमएस शिष्यवृत्तीचा फॉर्मही तुम्हीच भरायला लावला. लागली तर नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, आणि नवोदय लागलं तर ती सोडायची. त्या यादीत ती आली नाही, हेही लिहून टाकतो. सगळंच गोड झालं असं नाही.

८ फेब्रुवारी २०२५ ला पेपर. आदल्या रात्री धाराशिवला मेव्हण्याकडं मुक्काम. तुळजापुरात आधी देवीचं दर्शन का आधी पेपर, यावरून माझं नि बायकोचं पहाटे पाचला वाजलं. पोरीनंच निकाल दिला, आधी पेपर. अडीच तास मी बाहेर लिंबाखाली, आणि डोक्यात एकच, गोल. ती बाहेर आल्या आल्या मी विचारलं, गोल जुळले का? ती म्हणाली, "पप्पा, गोलांचं सोडा, भूक लागली."

निकाल आला, पहिल्या यादीत नाव नाही. मी तुमच्याकडं आलो तेव्हा माझा चेहरा बघून तुम्ही काहीच बोलला नाहीत. फक्त म्हणालात, प्रतीक्षा यादी असते, कागदांची फाईल मोडू नका. मी घरी येऊन फाईल पेटीत टाकली. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असून आमचं चार हजाराच्या आसपास गेलं होतं, त्या नादात नवोदय विसरायचंच ठरवलं होतं. जुलैत रानात असताना फोन आला. जागा आहे, कागद घेऊन लवकर या. फाईल पेटीत होती. बोनाफाईड, टीसीचा अर्ज, दाखले, फोटो, सगळं तुम्ही लावलं होतं त्याच क्रमानं. आमच्या मागं रांगेत एक बाप होता, त्याच्याकडं एक दाखला कमी होता आणि तो कुणाला तरी फोनवर रडकुंडीला येऊन सांगत होता. त्याचं पुढं काय झालं कळलं नाही. मला अधूनमधून तो आठवतो.

आता ती तुळजापुरात आहे. राहणं, जेवण, पुस्तकं शाळेची. नववीपासून काही मुलांना महिन्याला ६०० रुपये विकास निधी भरावा लागतो, मुलींना तोही नाही. पहिले पंधरा दिवस फोनवर रडली. मग भाजीबद्दल तक्रार सुरू झाली, तेव्हा तिची आई म्हणाली, रुळली. खो-खोच्या संघात आहे. गणितात जरा मागं आहे. तिथली पोरं सहावीपासूनची, त्यांचा वेग वेगळा. पण विचारते, म्हणून काळजी नाही.

ताई, मी तुम्हाला एकदा विचारलं होतं की तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता. तुम्ही म्हणालात, "पावती देऊ का?" आणि पुढच्या माणसाचा पॅन कार्डचा फॉर्म उघडला. तेव्हापासून विचारलं नाही.

ती वही पोरीनं परत पाठवली आहे. आमच्या वाडीतली एक पोरगी औंदा सहावीच्या नवोदयला राहिली, तिची आई परवा माझ्याकडं आली होती, तोच सात हजारांचा कागद घेऊन. मी तिला तुमच्या दुकानाचा रस्ता सांगितलाय. उद्या येईल, कदाचित रागावलेली असेल. वही मी काउंटरवर ठेवून जातो. पेशीचं पान जरा फाटलं होतं, त्याला चिकटपट्टी लावली आहे. आणि मागच्या वेळचे झेरॉक्सचे १४ रुपये राहिले होते, ते त्याच पानात आहेत.

आपला,
तो स्टुलावर बसवलेला भाऊ